घरची रीत, घरची बोली आणि आपली शाळा

'संस्कृती' हा शब्द आपण शिक्षक वारंवार योजतो. परंतु त्याचा अर्थ मनाशी निश्चित करून योजतो असे म्हणवत नाही. वार्षिक संमेलनात मुलींनी नऊवारी लुगडी नेसून फेर धरला म्हणजे संस्कृतीचे दर्शन घडले असे आपण म्हणतो. एखादे मूल पाहुण्यांपुढे हात जोडून शांत उभे राहिले म्हणजे ते सुसंस्कृत आहे असा अभिप्राय देतो. 'संस्कृती' आणि 'संस्कार' हे शब्द एकाच धातूपासून निघालेले असल्यामुळे दोहोंचे अर्थ आपल्या मनात मिसळून गेले आहेत, आणि त्यातून एक समजूत नकळत रूढ झाली आहे. ती अशी की, संस्कृती ही काही घरांत असते व काही घरांत नसते. ज्या घरांत ती नसते तेथील मुलांना ती पुरविणे हे शाळेचे काम होय. प्राथमिक शाळेत उद्भवणाऱ्या पुष्कळ गैरसमजांचे मूळ या एका समजुतीत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मानववंशशास्त्रात हा शब्द निराळ्या अर्थाने वापरतात. एडवर्ड टायलर या इंग्रज पंडिताने १८७१ साली संस्कृतीची जी व्याख्या केली तिच्यात ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक या नात्याने मनुष्य जे जे शिकतो ते सर्व त्याने अंतर्भूत केले. या अर्थाने पाहता संस्कृती नाही असा मनुष्य जगात कोठेच सापडावयाचा नाही. (टायलर स्वतः मात्र सर्व समाज रानटी अवस्थेपासून सुधारलेल्या अवस्थेपर्यंत एकाच जिन्याने चढत जातात असे मानीत असे. पुढे फ्रान्झ बोआस आदी अभ्यासकांनी हा जिना मोडीत काढला. आपल्या बोलण्यात तो अजून उभा आहे.) जेवावयास कसे बसावे, वडील माणसाशी बोलताना नजर कोठे ठेवावी, कोणाचे नाव घ्यावे व कोणाचे घेऊ नये, केव्हा बोलावे आणि केव्हा मुकाट राहावे, हे सारे सहा वर्षांच्या मुलाला शाळेच्या पायरीवर येण्यापूर्वीच येत असते. कोणी शिकविले हे त्याला सांगता येत नाही. आपल्यालाही आपल्याबद्दल ते सांगता येत नाही. म्हणूनच आपली रीत आपल्याला 'रीत' न वाटता स्वाभाविक वाटते, आणि दुसऱ्याची तेवढी विचित्र वाटते.

एक उदाहरण आपल्या घरातलेच घेऊ. महाराष्ट्रातील पुष्कळ समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल आहे. आत्याच्या मुलीशी मात्र सामान्यतः करीत नाहीत. इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेसंबंधांवरील आपल्या ग्रंथात महाराष्ट्र हा या बाबतीत उत्तर व दक्षिण यांच्या मधला प्रदेश कसा आहे हे दाखविले आहे. दक्षिणेत मामे व आते अशा दोन्ही बाजूंच्या भावंडांत विवाह होतात, कित्येक समाजांत मामा-भाचीचाही होतो. उत्तर हिंदुस्थानातील हिंदू समाजात यांपैकी काहीच चालत नाही. तेथे मामाची मुलगी ही बहीणच. आता कारखान्याजवळच्या एखाद्या गावातील शाळेत बिहारमधून आलेल्या कामगाराचा मुलगा बसलेला आहे, आणि वर्गातील मुले एकमेकांना मामाच्या मुलीवरून चिडवीत आहेत अशी कल्पना करावी. त्या मुलाला हा विनोद नव्हे, अभद्र बोलणे वाटेल. तो रागावून अंगावर धावून गेला तर आपण त्याला भांडखोर ठरवू. दोन्ही बाजू आपापल्या नियमाने वागत आहेत हे ज्याला ठाऊक आहे तोच शिक्षक हे भांडण मिटवू शकेल.

संबोधन आणि आदर

शिक्षकाच्या मनाला सर्वांत लवकर लागणारी गोष्ट म्हणजे एकेरी हाक. डोंगराळ भागातील अनेक बोलींत वडील माणसालाही 'तू' म्हणतात. नव्याने बदलून गेलेल्या गुरुजींना पहिल्याच दिवशी एखादे मूल "गुरुजी, तू कवा आलास?" असे विचारते, आणि गुरुजींचा चेहरा उतरतो. क्वचित छडीही उचलली जाते. येथे क्षणभर थांबून आपल्याच भाषेकडे पाहावे. बहुतेक मराठी घरांत वडिलांना 'अहो' म्हणतात, पण आईला 'अगं' म्हणतात. देवाला तर सर्वजण 'तू' म्हणतात. म्हणजे एकेरीपणात अनादर असतोच असे आपल्याही भाषेत नाही. तो जवळिकीचाही असतो. ज्या बोलीत अनेकवचनी आदराची पद्धतच नाही तेथील मुलाने आपल्याला 'तू' म्हटले, तर त्याने आपल्याला आईच्या पंक्तीस बसविले असे समजण्यास काय हरकत आहे? प्रमाण मराठीतील 'तुम्ही' त्याला शिकवावयाचे आहेच. मात्र ते नवीन शब्द म्हणून शिकवावे, अपराधाची सुधारणा म्हणून नव्हे.

नमस्काराचेही असेच आहे. पालघरच्या वारली पाड्यांवर आणि सातपुड्यात 'जोहार' म्हणतात. गोंड बंधू 'जय सेवा' म्हणतात. कोणी 'राम राम', कोणी 'जय भीम', कोणी 'सलाम', कोणी 'रामकृष्ण हरी' म्हणतात. वारकरी तर वय न पाहता परस्परांच्या पाया पडतात, आणि नातवाच्या वयाच्या मुलापुढे म्हातारा वाकलेला पाहून नवख्यास नवल वाटते. पालक ज्या शब्दाने आपले स्वागत करील त्याच शब्दाने आपण उत्तर द्यावे. याला पैसा लागत नाही, प्रशिक्षणही लागत नाही, आणि पाड्यावरील पहिल्या भेटीतच निम्मा संकोच दूर होतो.

नजरेबाबत एक शब्द. वडील माणूस बोलत असता मान खाली घालणे हे पुष्कळ घरांत मर्यादशील वर्तन मानतात. "माझ्याकडे बघून बोल" असे आपण दरडावतो तेव्हा मुलाला दोन आज्ञा एकाच वेळी पाळावयाच्या असतात: घरची, न बघण्याची, आणि आपली, बघण्याची. ते गोंधळून गप्प बसते. ही मुग्धता लबाडीची खूण समजण्याची चूक शाळेत फार होते.

चुकीमागील नियम

परभाषिक मुलाच्या चुका आपण लाल शाईने खुणावतो, परंतु त्या तपासून पाहत नाही. तपासून पाहिल्यास असे आढळते की त्यांतील बऱ्याच चुका या चुका नसून त्याच्या घरच्या भाषेच्या नियमाचे काटेकोर पालन असते.

अक्कलकोट वा जत तालुक्यातील कानडी घरचे मूल घेऊ. ते 'वाट मोठं आहे' असे म्हणते. कन्नड भाषेत पुरुष पुल्लिंगी, स्त्री स्त्रीलिंगी आणि बाकीचे बहुतेक सारे नपुंसकलिंगी असते. दगड, वाट आणि पाणी यांना तेथे एकच लिंग. आपण मात्र तो दगड, ती वाट, ते पाणी म्हणतो, आणि का म्हणतो याचे कारण आपल्यालाही देता येत नाही. त्या मुलाची व्यवस्था अधिक तर्कशुद्ध आहे! त्याला वारंवार 'चूक' म्हणण्यापेक्षा नाम शिकवितानाच 'तो दगड', 'ती वाट' असे जोडीने शिकविले तर काम सोपे होते.

अंकांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. कन्नडमध्ये पंचविसाला 'इप्पत्तैदु' म्हणतात, म्हणजे आधी वीस आणि मग पाच. एकोणतिसाला 'इप्पत्तोंबत्तु', म्हणजे वीस आणि नऊ. तेलुगूतही क्रम असाच आहे. जे बोलतात तेच, त्याच क्रमाने, अंकांत लिहितात. मराठीत आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. एकोणतिसाला तर तिसात एक उणे असे म्हणतो. त्यामुळे मराठी घरचे मूलही पंचवीस ऐकून ५२ लिहिते हे आपण दरवर्षी पाहतो. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या वाचनाबरोबर 'वीस पाच' असेही वाचन दिले, तेव्हा राज्यात मोठा वाद झाला व भाषा बुडाली असेही म्हटले गेले. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु सोलापूरच्या तेलुगू विणकराच्या किंवा सिरोंचाकडील घरातील मुलाला घरी येणारी संख्या शाळेत येऊन चुकते, याचे कारण त्याची बुद्धी नसून आपली संख्यानामे आहेत, एवढे त्या निमित्ताने ध्यानात यावयास हरकत नव्हती.

तिसरे उदाहरण सूक्ष्म आहे, पण त्याने मने दुखावतात. मराठीत 'आम्ही' व 'आपण' यांत भेद आहे. 'आपण' मध्ये ऐकणारा येतो, 'आम्ही' मधून तो वगळला जातो. हिंदी व उर्दू भाषांत दोहोंसाठी 'हम' हा एकच शब्द आहे. उर्दू घरची मुलगी मैत्रिणींना "चला, आम्ही खेळू" म्हणते तेव्हा तिला 'आपण सगळ्या' असे म्हणावयाचे असते. मराठी मुलींना मात्र 'तुम्हांला सोडून' असे ऐकू येते. त्या तोंड फिरवितात, आणि हिला का फिरविले ते कळत नाही. याउलट तेलुगू आणि गोंडी या भाषांत हा भेद मराठीसारखाच आहे, म्हणून तेथील मुलांना तो चटकन साधतो. वर्गात पाच मिनिटे देऊन हा एक भेद खेळातून समजावला तर वर्षभराचे रुसवेफुगवे टळतील.

मराठीच्या पोटभेदांतही काही कमी अंतर नाही. विदर्भात 'पोट्टा' हा मुलगा या अर्थाचा साधा शब्द आहे. पुण्याकडील कानाला तो शिवीसारखा लागतो. मालवणीत मुलाला 'झील' व मुलीला 'चेडू' म्हणतात, अहिराणीत 'आंडोर' व 'आंडेर'. बंजारा तांड्यावर आईला 'याडी' म्हणतात. गोरबोली ही राजस्थानी वळणाची भाषा आहे, गोंडी व कोलामी द्राविडी कुळातील आहेत, आणि मेळघाटातील कोरकू तर मुंडा कुळातील, संताळी व मुंडारी यांची आप्त आहे. या सर्वांना 'अशुद्ध मराठी' या एकाच पोत्यात भरणे हे निव्वळ अज्ञान होय. 'शुद्ध' हा शब्दच शक्य तो टाळावा. 'प्रमाण' म्हणावे. शुद्धाच्या उलट अशुद्ध येते, आणि अशुद्ध म्हटले की ते मूल आपल्या आईच्या तोंडातील शब्दाची लाज बाळगू लागते.

संविधानात १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले व भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचे राज्यांना सांगितले गेले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तेथवर मातृभाषा हेच माध्यम असावे असे म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाचा रोखही तोच आहे. 'शक्य तेथवर' या शब्दांत पुष्कळ सूट आहे हे खरे. पण कोरकू पाठ्यपुस्तक हाती नसले तरी पाड्यावरील एखाद्या आजीला वर्गात बोलावून गोष्ट सांगावयास लावणे कोणत्याही परिपत्रकाने निषिद्ध केलेले नाही.

प्रश्न विचारण्याची रीत

या विषयावर परदेशात झालेले एक संशोधन आपल्या कामी फार उपयुक्त आहे, म्हणून ते थोडे विस्ताराने देतो. शर्ली ब्राइस हीथ या अमेरिकन विदुषीने दक्षिणेकडील कॅरोलिना प्रदेशात गिरणी कामगारांच्या दोन वस्त्यांत सुमारे दहा वर्षे राहून-जाऊन निरीक्षणे केली व १९८३ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. एक वस्ती गोऱ्यांची, दुसरी काळ्यांची. ग्रंथात त्यांना तिने 'रोडव्हिल' व 'ट्रॅक्टन' अशी कल्पित नावे दिली आहेत. ट्रॅक्टनची मुले घरी बोलकी, हजरजबाबी. शाळेत मात्र मुकी. शिक्षकांची तक्रार अशी की, साध्यातल्या साध्या प्रश्नाचेही उत्तर ही मुले देत नाहीत.

हीथ हिने प्रश्नच तपासले. शाळेतील शिक्षक चित्रावर बोट ठेवून 'हे काय आहे?' 'याचा रंग कोणता?' असे विचारीत. म्हणजे ज्याचे उत्तर विचारणाऱ्यास आधीच ठाऊक आहे असा प्रश्न. ट्रॅक्टनमध्ये वडील माणसे मुलांना असे प्रश्न विचारीतच नसत. तेथे विचारीत ते 'हे कशासारखे आहे?' 'पुढे काय झाले?' असे, ज्याचे उत्तर खरोखरच मुलाजवळ असे. ज्याला ठाऊक आहे तोच का विचारतो, हे त्या मुलांना उमगेना. मग काही शिक्षकांनी आपली पद्धत बदलली. वस्तीतील ओळखीच्या जागांची चित्रे आणून 'येथे काय चालले आहे?' 'असे तुम्ही कोठे पाहिले?' येथून आरंभ केला, आणि मुले बोलती झाल्यावर शाळेच्या धर्तीचे प्रश्नही त्यांना हळूहळू शिकविले. ही दुसरी पायरी विसरता कामा नये. परीक्षेत पहिल्या प्रकारचेच प्रश्न येतात. ते शिकविलेच नाहीत तर मुलांचे नुकसान होईल.

गंमत अशी की रोडव्हिलच्या गोऱ्या मुलांना पहिल्या इयत्तांत चांगले यश मिळे, पण पुढे ती मागे पडत. त्यांच्या घरी गोष्ट म्हणजे घडलेली हकीकत जशीच्या तशी सांगणे. पदरची भर घातली की ती लबाडी ठरे. वरच्या इयत्तांत कल्पनेने लिहावयास सांगितले की ही मुले अडत. एका घरची पुंजी एके ठिकाणी उपयोगी पडते व दुसऱ्या ठिकाणी अडते, हे यावरून दिसून येईल.

त्याच वर्षी सुझन फिलिप्स हिचा ऑरेगन राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथील मूळ रहिवासी मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. ती मुले एकट्याने उभे राहून सर्वांदेखत उत्तर देण्यास नाखूष असत, पण गटात बसून काम दिले की मोकळेपणाने बोलत. आपल्या आश्रमशाळांतील शिक्षक हे वाचून मान डोलावतील. फळ्याजवळ एकट्याला उभे करण्याची आपली जुनी सवय थोडी बाजूस ठेवून चौघांच्या टोळीला मिळून एक काम द्यावे, मग कोण मुके आहे ते पाहावे.

पाठ्यपुस्तकातील चित्रांबाबतही सावध असावे. 'लग्न कोण लावतो?' या प्रश्नास वारली मुलीने 'धवलेरी' असे उत्तर लिहिले तर ते बरोबर आहे. वारली विवाहात धवलेरी ही स्त्री विधीची गाणी गाऊन लग्न लावते, आणि सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात. हीच चित्रकला पुढे कागदावर आली, जगभर गेली. जिव्या सोमा मशे यांना तिच्यासाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. आज प्रत्येक जिल्ह्यातील शाळांच्या भिंतींवर वारली चित्रे रंगविलेली दिसतात. आनंदाची गोष्ट आहे. पण देवीचा चौक व तारप्याचा नाच यांत काय अंतर आहे, शोभेसाठी काय काढावे व काय काढू नये, हे आधी पाड्यावरच्या वडीलधाऱ्यांना विचारणे हा सौजन्याचा भाग होय.

कोसबाडचे कार्य

हे सर्व परदेशी ग्रंथांतूनच शिकावे लागते असे नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हापासून अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. हा भाग त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. दोघीही शहरी, सुशिक्षित वातावरणातून आलेल्या. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर माँटेसरी पद्धतीचे काम केलेले होते. त्या पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शिंपले, खडे, पाने यांचीच साधने केली. मूल बालवाडीत येईना, तेव्हा बालवाडीच त्याच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना निघाली तेव्हा हेच नाव देशभर गेले. थोरली मुले गुरे चारावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा.

यातील मर्म पाहण्यासारखे आहे. 'मूल शाळेत येत नाही' या वाक्यात दोष मुलाचा असतो. या दोघींनी प्रश्न फिरवून 'शाळा मुलापर्यंत का पोहोचत नाही' असा केला. गुरे राखणे हे त्या घराच्या निर्वाहाचे काम होते. ते आळस किंवा अनास्था नव्हे, हे त्यांनी मानले. म्हणून उपाय सापडला.

कोठे थांबावे

दुसऱ्याची रीत समजून घेणे म्हणजे ती प्रत्येक बाबतीत मान्य करणे नव्हे. चौदा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरले आणि 'आमच्यात असेच असते' असे उत्तर मिळाले, तर २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा सर्वांना सारखा आहे व शिक्षकाने त्या प्रसंगी मौन धरणे योग्य नाही. साप चावलेल्या मुलास भगताकडे बसवून ठेवले तर तेथे घटकाभरही वाट पाहू नये. परंतु भगताचा पाणउतारा करून मूल दवाखान्यात नेण्यापेक्षा भगतालाच बरोबर घेऊन नेणे अधिक शहाणपणाचे. पुढच्या वेळी तोच पालकांना लवकर पाठवील.

उलट बाजूचा धोका याहून मोठा आहे. जे दारिद्र्याने घडते त्याला आपण संस्कृतीचे नाव देतो. ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या सुमारास शाळा सोडून जातात व चैत्र-वैशाखात परततात. रायगडकडील कातकरी कुटुंबे कोळसा पाडण्यास व वीटभट्टीवर जातात. 'त्या लोकांत शिक्षणाची आवडच नाही' असे वाक्य अशा वेळी किती सहज उच्चारले जाते! उचल घेतलेल्या माणसाला मुकादमाबरोबर जावेच लागते. आवडीनिवडीचा तेथे संबंध नाही. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्याचा बाजार भरतो तेव्हा मुले चार दिवस दिसत नाहीत, ही रीत. मुख्याध्यापकांच्या अधिकारातील सुट्या त्या दिवसांत दिल्या की तिची सोय होते. सहा महिने दिसत नाहीत, ही विपत्ती. तिला हंगामी वसतिगृह लागते. या दोहोंचा उपाय एक नाही, म्हणून निदान एक होता कामा नये.

जेवणाच्या बाबतीत तर फार जपावे. कोणी कडूकंद उकडून आणील, कोणी सुकट आणील. ज्याच्या डब्याकडे पाहून वर्ग एकदा नाक मुरडतो ते मूल दुसऱ्या दिवशी डबा आणीत नाही व तिसऱ्या दिवशी येत नाही. वर्ग कोणाकडे पाहून नाक मुरडावयास शिकतो, हे सांगणे नलगे.

पारधी व इतर विमुक्त जमातींच्या मुलांसंबंधी वेगळे लिहिले पाहिजे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. वर्गात पेन्सिल हरवल्यावर पहिली नजर कोणाच्या दप्तराकडे जाते, एवढे ज्याने त्याने आपल्या वर्गात पाहावे. कायदा कितपत रद्द झाला आहे ते समजेल.

नोंदवहीतील नाव

शेवटी एका कारकुनी वाटणाऱ्या कामाविषयी. प्रवेशाच्या वेळी पालक मुलाचे नाव सांगतो आणि शिक्षक ते दाखलखारिज नोंदवहीत लिहितो. आदिवासी भागात वारावरून नावे ठेवण्याची चाल आहे: सोम्या, बुध्या, शुक्ऱ्या. कित्येक शिक्षकांनी आजवर मोठ्या ममतेने ही नावे 'सुधारून' सोमनाथ, प्रकाश, सुरेश अशी केली. हेतू वाईट नव्हता. पण बापाच्या कागदावर एक नाव, मुलाच्या दाखल्यावर दुसरे, आणि आडनाव तर कधी गावावरून, कधी कुळावरून, शिक्षकाला जसे ऐकू आले तसे. जमातीच्या रकान्यात एखादा शब्द गाळला किंवा उलटसुलट लिहिला, तर पडताळणीच्या वेळी वीस वर्षांनी तोच शब्द आडवा येतो. कारण अशा चौकशीत प्राथमिक शाळेची जुनी नोंद हा महत्त्वाचा पुरावा मानतात. जन्मतारखेचीही तीच कथा. महाराष्ट्रातील खेडोपाडी १ जून रोजी जन्मलेली माणसे एवढी का, याचे उत्तर आपल्या पूर्वसूरींच्या टाकात आहे.

म्हणून येत्या जूनमध्ये नाव नोंदविताना घाई करू नये. पालक उच्चारील तोच उच्चार लिहावा, त्यातील जोडाक्षर अवघड असले तरी. जमातीचे नाव आपल्या अंदाजाने न लिहिता त्याच्या कुटुंबातील जुना कागद असल्यास तो मागावा. नसल्यास त्याच्या भावकीतील कोणी पूर्वी याच शाळेत होता काय ते जुन्या वहीत पाहावे. जन्म दवाखान्यात झाला असेल तर दाखला मिळतो. घरी झाला असेल तर ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत पाहावे, आणि नोंदच नसेल तर कोणत्या सणाच्या आगेमागे, कोणते पीक शेतात उभे असता झाला, हे आईला विचारावे. बहुधा तिला ते अचूक आठवते, आणि त्यावरून महिना तरी ठरतो. मग नोंद पुरी झाल्यावर ती पालकास मोठ्याने वाचून दाखवावी, आणि त्याला समजणाऱ्या बोलीत सांगावयास जवळ कोणी असेल तर त्याच्याकडून पुन्हा एकदा सांगवून, त्याने मान डोलावल्यावरच खाली आपली सही करावी.